मिशीआड

कप बशीवर ठेवला, किण्ण झालं, आणि माणिकनं मान वर केली नाही.

एवढंच. तुम्ही म्हणाल, ह्यात सांगण्यासारखं काय? बोरिवलीतल्या एका म्हाताऱ्यानं सकाळी बायकोपुढे चहा ठेवला, तिनं पाहिलं नाही, ती मेथी निवडत राहिली. जाळीपलीकडचं कबुतरसुद्धा ह्याची दखल घेणार नाही. पण कबुतरानं घेतली. किण्ण झाल्याबरोबर त्यानं मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, घ्या, ज्याला कळायला नको त्याला कळलं. कारण तो किण्ण साधा नव्हता. आदल्या संध्याकाळी पंखा किती वेगात ठेवायचा ह्यावरून आमची जरा वाजली होती, आणि हा त्यावरचा उतारा होता. कपाचं बूड बशीच्या कडेला नुसतं टेकवायचं, मग सरकवत मधे आणून सोडायचं. आवाज तुटत नाही, शेपटी हलवत जातो. त्याचा अर्थ, चुकलं माझं, सोड आता. हे वाक्य आमच्या घरात तोंडानं कधी कोणी बोललेलं नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी कुर्ल्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, आमटीवरून मी काहीतरी बोलून गेलो होतो, आईच्या हातची वगैरे, आणि माणिकचा अबोला सुरू झाला होता. तेव्हा पहिल्यांदा मी असा कप ठेवला. तिनं मान वर केली, घोट घेतला आणि म्हणाली, "साखर कमी हा." झालं, मिटलं. त्यानंतरची चाळीसेक वर्षं आमचा संसार ह्या बशीवर चाललेला आहे. आणि आज बशी वाजली आणि दारच उघडलं नाही.

माझं नाव लवू. सिनेमाच्या शेवटी लोक चपला शोधत उठतात तेव्हा पडद्यावर जी नावं पळतात, त्यात ते कुठेतरी असायचं. अंधेरीच्या एका स्टुडिओत मी आवाज करायचो. म्हणजे पडद्यावर नायिका चालायची, पाय माझे वाजायचे. चित्रीकरणात जे आवाज नीट येत नाहीत, ते नंतर बंद खोलीत माईकपुढे नव्यानं करावे लागतात. माझ्या खोलीत वाळूची परात, खडीची परात, सुकी पानं, फरशीचे तुकडे आणि सगळ्या मापांच्या, सगळ्या जातींच्या चपला होत्या. ह्या मिशा, हे केसाळ पाय, मनगटात हिरव्या बांगड्या, आणि मी उंच टाचांवर तोल सावरत नवऱ्याचं घर सोडून जायचो. दिग्दर्शक सांगायचा, लवू, ती रागात आहे. मी म्हणायचो, नाही साहेब, ती घाबरलीय, टाच बघा कशी पडते. दिग्दर्शक रीळ परत बघायचा आणि म्हणायचा, च्यायला, खरंच. मला कसं कळायचं ते विचारू नका. मी विचार करत नसे. आत कुठेतरी आधी उमटायचं, आणि त्याची कारणं मागाहून धापा टाकत यायची, काही वेळा यायचीच नाहीत. बर्फावरून चालण्याचा आवाज आरारूटच्या पिशवीत करायचा असतो. नायकाचं हृदय फुटण्याचा एकदा मागितला होता, तो मी गोधडीखाली नाचणीचा पापड मोडून काढला; त्या सिनेमाला माणसं रडत बाहेर यायची आणि थेट समोरच्या खानावळीत जाऊन पापड मागवायची. आणि बिबट्याची गोष्ट तर आख्ख्या बोरिवलीला माहीत आहे. घागरीच्या तोंडावर चामडं ताणून त्यातून राळ लावलेली दोरी ओढली की बिबट्या गुरगुरतो. मी घरी गॅलरीत सराव करत होतो, तर नॅशनल पार्कच्या बाजूनं उत्तर आलं. मी परत ओढली, परत उत्तर. पुढे कितीतरी दिवस एक तरणाबांड बिबट्या आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर येऊन, पंजावर हनुवटी टेकून, गॅलरीकडे बघत बसायचा. वॉचमन जो रजेवर गेला तो गेलाच. खोटं वाटत असेल तर त्या वॉचमनला विचारा. सापडला तर.

तर असा मी. बिबट्याशी बोलणारा, बायकोशी बोलताना मात्र तोंडाला कुलूप. आमची दिशा, एकुलती एक लेक, मालाडला असते, तिच्या ऑफिसात माणसांच्या स्वभावाची परीक्षा घेतात. शंभर प्रश्न विचारायचे आणि शेवटी चार इंग्रजी अक्षरं कपाळावर चिकटवायची. एका रविवारी तिनं ती माझी घेतली. "बाबा, तू ना, एकदम तसलाच निघालास. सगळं आतल्या आत राहणारा, आणि समोरच्याच्या मनातलं वासावरून ओळखणारा." मी म्हटलं, "म्हणजे मांजर." "चेष्टा नको रे. अशा माणसांना खूप वाटतं, पण बाहेर पडायचा रस्ताच नसतो. लोकांना वाटतं दगड आहे." मी मिशीवरून हात फिरवला. दगड हा शब्द मला नवा नव्हता. माझी आई गेली तेव्हा गावी थोरल्या भावानं सगळं केलं, त्याची मिशी उतरली, मी माझी उतरवू दिली नाही. आणि डोळ्यांतून टिपूसही काढलं नाही. चुलत्या पदराआडून म्हणाल्या, लवू म्हणजे दगड. मी मागीलदारी जाऊन ओला पंचा पिळत होतो. पिळायचो, परत भिजवायचो, परत पिळायचो. पाणी दगडावर पडत राहिलं. माजघरात बायकांच्या मधे बसलेली माणिक उठली, मागीलदारी आली, माझ्या हातातून पंचा घेतला, तिनं एकदा पिळला आणि दोरीवर टाकला. दिशाचं लग्न झालं, ती सासरी गेली, त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात एक स्टीलचं ताट कडेवर उभं करून फिरवून सोडलं. तुम्ही ऐकलं असेल, ताट आधी सावकाश डोलतं, मग जसं जसं खाली बसतं तसं त्याचं घाईघाईचं कापरं सुरू होतं, आणि मग एकदम गप्प. बाहेर पाहुणे म्हणाले, भांडं पडलं वाटतं. माणिक आत आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या फोन करतली ती." हे कसलं, रस्ता नाही म्हणे. रस्ता होता. अगदी घरगुती, एका माणसापुरता.

आणि आता त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं. मला दुःख झालं असं म्हणवत नाही. मला आधी कुतूहल वाटलं, ते माझं जुनं दुखणं आहे. घर जळत असलं तरी मी आधी ऐकेन की कुठलं लाकूड कसं तडतडतंय. एवढा मोठा राग? पंख्यावरून? शक्य नाही. मी दुसऱ्या दिवशी किण्ण जरा ठळक केला. काही नाही. तिसऱ्या दिवशी चपला घासत आलो, ती आमची थकलोय-जवळ-बस अशी खूण. ती पाठमोरी भाकरी थापत राहिली. मी आमटीचा डाव पाडला. झाकण पाडलं. शेवटी ताटही फिरवलं, दिशाच्या लग्नानंतर प्रथमच, आणि ते कापरं भरून गप्प झालं तरी माणिकच्या खांद्याची रेघ हलली नाही. समोरून काही बोललो की मात्र उत्तर द्यायची, माझ्या तोंडाकडे डोळे बारीक करून बघायची, जणू मी खोटं बोलतोय आणि ती पकडायला टपलीय. आणि उत्तरंही कशी, तुटक, कधी भलतीच. मी विचारलं, "दूध तापलं?" ती म्हणाली, "गुरुवारी." मी मनात म्हटलं, बाप रे, हा राग नाही, हे काहीतरी थंड आहे. टीव्ही लावणं तिनं सोडलं होतं. कुकरच्या शिट्ट्या मला मोजायला लावायची, स्वतः ओट्यापाशी उभी असताना. दिशा फोनवर म्हणाली, "आई हल्ली फोनच घेत नाही, मेसेज कर म्हणते. काय झालंय तुमच्यात?" मी म्हटलं, "काही नाही." "बाबा, सरळ विचार ना तिला! यार, चाळीस वर्षं झाली लग्नाला, अजून काय लाजतोस?" सरळ विचार. ह्या मुलांना वाटतं, सरळ विचारणं म्हणजे जिना उतरणं. माझ्यासारख्याला ती गॅलरीतून मारलेली उडी असते. खाली कोण झेलेल ह्याची आधी खात्री लागते, आणि ती खात्री ज्या बशीवरून यायची तीच तर मुकी झाली होती.

मग मला ते आतलं उमटणं सुरू झालं, कारणाशिवाय येणारं. ती जाणार. माणिक मला सोडून जाणार. दर गुरुवारी ती मुलुंडला धाकट्या बहिणीकडे, प्रेमाकडे जाऊ लागली होती. "प्रेमाकडे जावन येतंय," म्हणायची आणि संध्याकाळी परत यायची, थकून, जणू कुठे मजुरी करून आली. आधी कधी अशी वारावर जात नव्हती. मी स्टुडिओत किती बायकांचे निघून जाण्याचे पाय वाजवले होते. मला ती चाल माहीत होती, निघायच्या आधी घरातल्या घरात बाई जशी चालते ती, पाऊल पूर्ण न टेकणारी. आणि माणिक आता तशीच चालत होती, भिंतीकडेनं, सांभाळून. मी रात्रभराचा विचार सकाळच्या चहाबरोबर गिळायचो आणि त्यावर इमले चढवायचो. प्रेमानं तिला फूस लावली. गावच्या घराची डागडुजी करून दोघी बहिणी तिथे राहणार. आंबे विकणार. मला एक पोस्टकार्ड येईल, प्रकृतीस जपा. ह्या सगळ्यात मजा अशी की मला एकाही क्षणी शंका आली नाही. आयुष्यभर माझं आतलं उमटणं खरं ठरलं होतं, मग आताच कशाला चुकेल? माझ्या आजूबाजूला जगातले सगळे आवाज होते, आणि त्यातला जो आवाज तिच्याकडे पोचतच नव्हता त्याचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. मासा सगळ्याचा विचार करत असेल, पाणी आटण्याचा सोडून.

म्हणून त्या गुरुवारी मी तिच्या मागे निघालो. पायात कॅनव्हासचे बूट, माझा सगळ्यात गप्प जोड. ह्या बुटांत मी एकदा भुताचे पाय वाजवले होते, म्हणजे वाजवले नव्हते. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर, सोसायटीच्या गेटपासून बसस्टॉपपर्यंत मी तिच्या पाठीशी हातभर अंतरावर होतो आणि तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. मला माझ्या कलेचा अभिमान वाटला. काय हा मूर्खपणा. मुलुंडच्या बसमधे ती पुढे बायकांच्या सीटवर बसली, मी मागे उघडलेल्या छत्रीआड. कंडक्टर म्हणाला, "काका, पाऊस आत पडतोय का?" मी म्हटलं, "ऊन लागतं." "मग खिडकी सोडा की. आणि कुणापासून लपताय? तिकीट तर काढलंय ना!" आसपासचे हसले. सगळ्यांनी मागे पाहिलं, माणिकनं नाही. बस हायवेवरून दिंडोशी ओलांडून पवईच्या चढाला लागली, आणि मी छत्रीच्या कडेवरून बघत राहिलो. ती बाहेर बघत नव्हती. शेजारच्या दोन कॉलेजच्या मुली बोलत होत्या, ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. कंडक्टर कुणाशी हुज्जत घालत होता, त्याच्या तोंडाकडे. फोनवर भांडणाऱ्या एका बाईच्या तोंडाकडे तर अशी, की त्या बाईनं पाठ फिरवली. माणिक चटकन खाली बघायला लागली, चोरी पकडल्यासारखी. मला तिची ही नजर माहीत नव्हती. चाळीसेक वर्षं ज्या चेहऱ्यासमोर जेवलो त्यात एक अख्खी नजर मला न दाखवलेली होती, आणि मला, शपथेवर सांगतो, त्या क्षणी राग आला नाही, भीतीही नाही. पडदा उघडताना माणूस खुर्चीत पुढे सरकतो तसा मी पुढे सरकलो.

प्रेमाचं घर तळमजल्यावर, एका जुन्या सोसायटीत, खिडकीत तुळशीच्या कुंड्या. माणिक आत गेली, मी कुंड्यांआड. आता ही प्रेमा म्हणजे कोण, तर जिनं मुलुंडात शिंक दिली तर ठाण्यात लोक देव बरे करो म्हणतात. एवढ्या आवाजाची बाई. आणि बघतो तर समोर खुर्ची घेऊन, उजेडात तोंड करून, ही बाई बोलतेय आणि आवाज नाही. ओठ हलतायत, भुवया हलतायत, हात हलतायत, आवाज नाही. मला क्षणभर माझेच कान गेले असं वाटलं. मग समोर बसलेली माणिक मोठ्यानं, नको इतक्या मोठ्यानं म्हणाली, "कुकराची शिटी झाली... गॅस बंद कर." प्रेमानं मान डोलावली आणि परत ओठ हलवले. "दारार... कोण तरी इला." मान डोलली. म्हणजे आवाज न भरलेली रीळ. माझ्याकडे आयुष्यभर अशीच रीळ यायची, माणसं तोंडं हलवतायत आणि जग गप्प, आणि ते गप्पपण भरून काढणं हेच माझं काम होतं. सवयीनं माझा हात उठला, कुंडीवर वाजवायला. तो तिथेच राहिला. बशी, डाव, ताट, टीव्ही, शिट्ट्या, गुरुवारी तापणारं दूध, सगळं एकेक करून माझ्या आत पडलं, आणि कशाचाच आवाज झाला नाही.

प्रेमानं पुढे जे विचारलं ते तिच्या ओठांवरून मलाही कळलं. डबिंगच्या माणसांत राहून थोडी लिपी येते. भावोजींना सांगितलंस? माणिक म्हणाली, "नाय सांगूक." मशीन लाव ना मग कानाला, डॉक्टरनं दिलंय ते. "लावलंय. त्याच्यात सगळाच खरखरता. पंखो, कावळो, कप, सगळा एकच. त्याच्यापेक्षा गप्प बरा." सांगून टाक, प्रेमाचे हात म्हणाले, किती दिवस लपवशील. माणिक काही वेळ पदराचा काठ चाचपत बसली. आणि मग ती बोलली, तिला वाटलं असेल हळू, पण तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, तो खिडकीतून, तुळशीतून, माझ्यापर्यंत आला. "त्यांका कळला तर ते कप वाजवूचे बंद होतले गो. वाजवूंदेत. माका ऐकाक नाय येणा, पण त्यांका तरी वाटूंदे सांगलंय म्हणान. तेवढाच येता त्यांका." प्रेमानं काहीतरी म्हटलं. "तुमचा वेगळा," माणिक म्हणाली. "तुमचे सगळ्यांचे ओठ शिकान घेयन मी. दिशाचे, तुझे, भाजीवाल्याचे. ह्यांचा काय वाचू? इतकी वर्षां त्या बशीर काढलंय. ओठ हलतत खंय? आणि हलले तरी वरसून ती मिशी. झाडूआड काय चललाहा ता देवाक ठावक."

मी तिथून निघालो. कॅनव्हासच्या बुटांची आता गरज नव्हती. रस्त्याच्या पलीकडे एक सलून होतं, आत पंखा आणि दोन रिकाम्या खुर्च्या. माझी मिशी म्हणजे नुसती मिशी नाही, हे इथे सांगायला हवं. माझे बाबा गिरणीत होते. त्यांना मिशी नव्हती. मनात काही आलं की त्यांचा वरचा ओठ थरथरायचा, डावीकडून, माशी बसून उडाल्यासारखा, आणि आमच्या चाळीतलं शेंबडं पोरसुद्धा तो वाचायचं. गिरणी बंद झाली त्या दिवशी ते दारात उभे राहिले, कोणी काही विचारलं नाही, सगळे त्यांच्या ओठाकडे बघत होते. एखाद्याचं घर रस्त्यावरून आरपार दिसावं तसं. तो ओठ मला मिळाला आहे हे मला लहानपणीच कळलं होतं, आणि पहिली लव फुटली तेव्हापासून मी तिला खतपाणी घातलं. ती मिशी म्हणजे आमच्या दाराचा पडदा. नंतर ती एवढी वाढली की एका सिनेमात सरदाराच्या दाढीतून वारा जातो तो आवाज मी तिच्यावर फुंकर घालून दिला. लग्नात माणिकनं अंतरपाट दूर झाल्यावर पाहिली ती मिशी. मिशीमागचा माणूस तिनं पाहिलाच नव्हता; ऐकला होता फक्त.

"पूर्ण?" न्हावी म्हणाला. त्यानं वस्तरा खाली ठेवला. "काका, कोण गेलं का? तसं असेल तर सांगा, मी आधी हात धुतो." मी म्हटलं, "कोणी नाही." "मग नवस?" "नाही." "मग कशाला? अशी मिशी आता येत नाही हो, आता सगळी पोरं दाढीवर गेली. फोटो तरी काढू द्या." काढ म्हटलं. त्यानं मिशीचे फोटो काढले, समोरून आणि बाजूनं, चोराचे काढतात तसे. मग थंड फेस लागला, वस्तरा फिरला, डावीकडून उजवीकडे, आणि गालावरून काहीतरी घरंगळून टॉवेलवर पडलं. आवाज झाला. सांगतो ना, झाला. कापूस पडतो तेव्हा होतो तेवढा. मी आरशात पाहिलं. आरशात बाबा बसले होते. नाकाखाली एक फिकट पट्टी, पाट उचलल्यावर खालची जमीन दिसावी तशी, कधी ऊन न लागलेली. आणि ती डावीकडून हलली. "दुखलं का?" न्हावी म्हणाला. मी मान हलवली. तो माझ्या ओठाकडे बघत होता, आणि मग त्यानं शहाण्यासारखं दुसरीकडे पाहिलं आणि उगीच कात्री पुसायला लागला. रस्ता ओलांडताना मला वाटलं सगळं मुलुंड बघतंय. ओठाला वारा लागत होता. साधा रस्त्यावरचा गरम वारा, पण त्या जागेला तो नवा होता, आणि मला वाटून गेलं, बाबांना हा रोज लागत होता तर.

घंटी दाबली. प्रेमानं दार उघडलं आणि नेहमीच्या आवाजात, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कोण होया?" मग तिचे डोळे माझ्या नाकाखाली गेले आणि हात छातीवर. "अगो बाय माझे! भावोजी? मिशी खंय? कोण गेलो?" आमच्यात मिशी उतरलेला माणूस दारात आला की दुसरा प्रश्न नसतो. आतून माणिक उठून आली. तिनं ऐकलं काहीच नव्हतं, तिनं पाहिलं फक्त. चौकटीला धरून उभी राहिली आणि बघत राहिली, बसमधल्या त्या नजरेनं, पण आता पकडली जाण्याची भीती नसलेल्या. तिचे डोळे माझ्या डोळ्यांकडे आलेच नाहीत. प्रेमा मागून ओरडत होती, "बोला ना मेल्यानु, कोण गेलो?" मला बोलायचं होतं. मी रस्ताभर वाक्य घोकून आणलं होतं, चांगलं, सरळ, दिशाला आवडेल असं. तोंड उघडलं. आणि जे यायचं तेच आलं.

"बिबट्या," मी म्हटलं. हळू, ओठ पुरते उघडून, एकेक अक्षर. "बिबट्या गेला."

माणिकचे ओठ माझ्या ओठांबरोबर हलत होते. "बि... बट्या," ती मोठ्यानं म्हणाली. "बिबट्यो गेलो." एक क्षण तिला वाटलं चुकीचं वाचलं, मग कळलं की बरोबरच वाचलंय, आणि ती हसली, अशी की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. प्रेमा आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती आणि म्हणत होती, "दोघांच्याय डोक्यार परिणाम झालो." माणिक हसायची थांबली. जवळ आली. तिनं बोट उचललं आणि माझ्या वरच्या ओठावर डावीकडे ठेवलं, तव्यावर पाण्याचा थेंब तपासतात तसं, हलकं.

"ह्यां कित्याक थरथरता?"

"थंडी," मी म्हटलं.

"थंडी." तिनं वाचलं. "ऑक्टोबरात? मुलुंडात?" बोट तिथेच होतं. मला तोंड फिरवायचं होतं, मिशीआड जायचं होतं, आणि मिशी रस्त्यापलीकडे एका टॉवेलात होती. आता मला वाटलं, खोटं बोलायची माझी सोय गेली. तोंडानं बिबट्या सांगेन आणि ओठ खालून खरं सांगत बसेल. मला फार उघडं वाटलं आणि, कबूल करायला हरकत नाही, गंमतही वाटली. इतकी वर्षं जो माणूस ह्या घरात राहत होता त्याला मीसुद्धा कुठे नीट पाहिलं होतं?

तिनं मला हाताला धरून खिडकीपाशी नेलं, तुळशीच्या उजेडात. प्रेमाची खुर्ची माझ्यापुढे ओढली, मला बसवलं, स्वतः समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. प्रेमा चहा घेऊन आली आणि तिनं कपबशा मधल्या तिपाईवर ठेवल्या, दणकन, तिच्या पद्धतीनं. माणिकनं माझी कपबशी उचलली आणि बाजूला, माझा हात पोचणार नाही अशी ठेवली.

"ता नको," ती म्हणाली. "आता तोंडान. कुर्ल्यांच्या आमटीपासून सांगा."